पत्र्याची शंकरपाळी

माझ्या हाताने आजवर एक खिळासुद्धा सरळ ठोकला गेलेला नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. वीस-बावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. संधी सोडवणे, समास सोडवणे हा माझा धंदा. पण घरातल्या नळाचा आटा सोडवायची वेळ आली की आमच्या सौ. माझ्या हातातून पाना काढून घेतात आणि मला खुर्चीवर बसवतात. अशा गृहस्थाने धातू कापणाऱ्या यंत्रावर दिवाळी अंकात लेख लिहावा, ही गोष्ट वाचकांना थोडी गमतीची वाटेल. पण योग तसा आला खरा, आणि तो आणला आमच्या कन्येने.

कन्या यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे यवतमाळ म्हणजे काळ्या मातीचा आणि कापसाचा जिल्हा. पुसदला १९८३ साली आणि यवतमाळला १९९६ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, तेव्हापासून इकडची मुले घरच्या भाकरीवर इंजिनिअर होऊ लागली. गेल्या वर्षी कन्येने आणि तिच्या दहा सोबत्यांनी मिळून रोबो करायला घेतला. रोबो म्हणजे सिनेमातला बोलणारा लोखंडी माणूस अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चार चाकांवरची एक चौकट, तिच्यावर वरखाली होणारा एक हात, आणि पोटात तारांचे असे जंजाळ की आमच्या सौ.च्या लोकरीच्या टोपलीत मांजर शिरल्यावरही इतके होत नाही. स्पर्धेच्या दिवशी या हाताने ठरलेली वस्तू उचलून ठरलेल्या जागी ठेवायची, एवढेच काम. पण ते ठरलेल्या वेळात आणि समोरच्या संघाच्या आधी.

घरात जेवणाचे टेबल गेले. त्यावर दातेरी चाके आली. माझा व्याकरणाचा जाडजूड ग्रंथ चिकटवलेल्या तुकड्यांवर वजन म्हणून ठेवला जाऊ लागला. हे सारे मी सोसले. पण एका संध्याकाळी कन्या म्हणाली, “बाबा, उद्यापासून महिनाभर मला कॉलेज सुटल्यावर वर्कशॉपमध्ये जावं लागेल. कॉलेजच्या नव्हे, बायपासवरच्या.”

बायपासवरचे म्हणजे फाटके, खिडक्यांचे गज आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारे दुकान. मी म्हटले, “परीक्षा तोंडावर आली आहे.” हे मी म्हटले खरे, पण मनात परीक्षा नव्हती. मनात होते ते ते कळकट दुकान, ग्रीसचे हात, आणि ओळखीच्या कुणी पाहिले तर काय म्हणेल ही धास्ती. बापाच्या तोंडातली परीक्षा पुष्कळदा अशी निमित्तापुरती असते. कन्येने ते ओळखले असावे. ती म्हणाली, “मग तुम्हीच चला ना सोबत.”

दुकानात

साहित्य संमेलन आमच्या गावी दोनदा भरले, १९७३ साली आणि २०१९ साली, हे मी बाहेरच्या पाहुण्यांना आवर्जून सांगत असतो. पण त्याच गावात, माझ्या घरापासून तीन मैलांवर, संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारे यंत्र आहे, ही वार्ता मला त्या दिवशी कळली.

दुकान पत्र्याच्या छपराचे. दाराशी नांगराचे फाळ, वखराच्या पासा आणि अर्धवट जोडलेली एक ट्रॉली. आत मधोमध पलंगाएवढे एक मेज. त्याला फळी नाही. उभ्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्याखाली पाण्याने भरलेले उथळ तबक. मेजाच्या दोन्ही कडांना रूळ, रुळांवर आडवा पूल, आणि पुलावरून डावी-उजवीकडे सरकणारी एक नळी. त्या नळीला सगळे ‘टॉर्च’ म्हणतात. बाजूला एक संगणक, आणि त्याच्यासमोर मालकाचा पंचविशीतला मुलगा. कोपऱ्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर धापा टाकत होता. या साऱ्याला मिळून ‘सीएनसी प्लाझ्मा’ म्हणतात. मालकाने हे यंत्र घेतले ते मुख्यतः फाटकांवरच्या नक्षीसाठी. गणपती, मोर, वेलबुट्टी आणि घरमालकांची नावे यांना हल्ली फार मागणी आहे.

आजवर मुलांना असे भाग कापून हवे असले की दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला लेझर कटिंगसाठी जावे लागे. जाऊन-येऊन दिवस मोडे, काम मिळायला आठवडा लागे, आणि एखादे भोक चुकले तर पुन्हा तोच प्रवास. आता गावातच सोय झाली म्हणून ती खूश होती. सर्वांनी वर्गणी काढून चार फूट लांब, दोन फूट रुंद, पाच मिलिमीटर जाड अशी अॅल्युमिनिअमची एक प्लेट आणली होती. वर्गणीचा मोठा वाटा त्या प्लेटीत संपला होता. दुसरी प्लेट घ्यायला पैसे नव्हते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

दुकानात आणखी एक व्यक्ती होती. साठीच्या घरातले एक मिस्त्री एका स्टुलावर बसून कानशीने कडा घासत होते. चाळीस वर्षे त्यांनी हाताने गॅसकटर चालवला. जिल्ह्यातल्या किती बंड्या, किती ट्रॉल्या, किती डवरे त्यांच्या हातून गेले याची गणतीच नाही. मुले त्यांना ‘काका’ म्हणत आणि प्रश्न मात्र संगणकावरच्या मुलाला विचारीत.

वीज आणि वारा

तापलेल्या गॅसने लोखंड वितळते आणि म्हणून कापले जाते, असे मी समजत होतो. मिस्त्रींनी माझी समजूत दुरुस्त केली. गॅसकटर लोखंड वितळवत नाही, जाळतो. आधी ज्योतीने लोखंड लालबुंद करायचे आणि मग त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड त्या झोतात अक्षरशः जळते आणि राख वाऱ्याबरोबर खाली पडते. अॅल्युमिनिअमपाशी ही युक्ती चालत नाही. अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो, तो वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. आतला गाभा पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते. चाळीस वर्षांच्या हाताला जे जमले नाही, ते प्लाझ्माला जमते.

त्याची रीत अशी. टॉर्चच्या टोकाशी तांब्याची एक बोंडी असते आणि तिच्यात हाफ्निअम नावाच्या धातूचा बारीकसा मणी बसवलेला असतो. तिच्याभोवती सुईच्या नेढ्याएवढ्या छिद्राचे तांब्याचे टोपण. कापायच्या प्लेटला विजेची दुसरी तार चिमट्याने लावलेली. दाबलेली हवा त्या छिद्रातून सुटते, आत ठिणगी पडते, आणि ठिणगीच्या वाटेने वीज मण्यापासून प्लेटीपर्यंत उडी घेते. मधली हवा इतकी तापते की तिच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हवा वीजवाहक बनते. हाच प्लाझ्मा. घन, द्रव आणि वायू यांच्या पुढची ही चौथी अवस्था. आकाशातली वीज तीच, सूर्यही तोच. या बारीकशा झोताची उष्णता वीस हजार अंशांच्या घरात जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा असतो. धातू क्षणात वितळतो आणि वाऱ्याच्या जोराने खाली उडून जातो. मागे उरते दीडएक मिलिमीटर रुंदीची भेग.

हे काम काळ्या काचेच्या चष्म्याशिवाय पाहू नये. त्यातल्या अतिनील किरणांनी डोळे रात्रभर चुरचुरतात. अॅल्युमिनिअम कापायचे असले की मालक तबकातले जुने पाणी आणि तळाचा गाळ आधी काढून टाकतात. वितळलेल्या अॅल्युमिनिअमच्या कणांशी पाण्याची क्रिया होऊन हायड्रोजन निघतो, तो प्लेटीखाली साठला तर स्फोट होऊ शकतो. काळजी घेतली तर भय नाही, पण ती घ्यायची हे ठाऊक असावे लागते.

पहिल्यांदा टॉर्च पेटला तेव्हा मी दोन पावले मागे सरलो. भुईनळा उलटा करून पाण्यात धरावा तशा ठिणग्या खाली कोसळत होत्या आणि वरती नळी सावकाश, अगदी एकाग्र, प्लेटीपासून दीडच मिलिमीटर अंतर राखून चालत होती. प्लेट कुठे वर-खाली असली तर विजेचा दाब बदलतो, आणि तो बदल ओळखून यंत्र नळी आपोआप उचलते वा उतरवते.

घरी येऊन सौ.ला हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, “प्लाझ्मा म्हणजे करोनात रक्तातून काढायचे तोच ना?” मला हसू आले, पण शब्दकोश उघडला आणि हसू जिरले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घडवलेले’ असा. रक्तातल्या द्रवाला ते नाव आधीपासून होते. अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली या तापलेल्या वायूला तेच नाव दिले. रक्तातला प्लाझ्मा जसा पेशी वाहून नेतो, तसा हा वायू विद्युत्कण वाहून नेतो, असे साम्य त्यांना दिसले म्हणे. तेव्हा सौ.चा प्रश्न मुळीच भाबडा नव्हता.

‘रोबो’ शब्दाची कुळकथा तर आणखी हृद्य आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२०च्या एका नाटकात तो प्रथम आला. शब्द सुचवला त्यांचा भाऊ योसेफ याने. मूळ चेक शब्द ‘रोबोटा’, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती. आपल्या भाषेत वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. वीस वर्षे शब्द शिकवणाऱ्या मला हा अर्थ कन्येच्या रोबोपायी कळला.

पहिला डाव फसला

एका शनिवारी दुपारी मुलांचे बावीस भाग कापले गेले. अर्ध्याहून थोडी जास्त प्लेट त्यात लागली. दिसायला काम देखणे होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तासाभराने जोडणी सुरू झाली आणि चेहरे उतरले.

पाच मिलिमीटरच्या भोकांत पाच मिलिमीटरचे बोल्ट जाईनात. स्केटिंगच्या चाकात असते तसले बावीस मिलिमीटरचे बेअरिंग हाताच्या सांध्यात बसायचे होते. ते वरून अर्धे उतरले आणि अडकले, कारण भोक वरून रुंद आणि खाली अरुंद, गाळणीच्या नळीसारखे. कडाही कललेल्या. दोन तुकडे काटकोनात उभे केले की मधून उजेड दिसे. संगणकावरच्या चित्रात सारे बिनचूक होते. मुलांनी ते चित्र पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. चित्रात चूक असती तर बरे झाले असते, कारण मग ती सापडली असती.

कोपऱ्यातून मिस्त्री उठले. त्यांनी एक तुकडा उचलला, कडेला गुनिया लावला, प्लेटीचा उरलेला सांगाडा उचलून त्याच्याही कडेला गुनिया लावला. मग कन्येला जवळ बोलावले.

“हे पाह्य बेटा. तुह्या तुकड्याची कड कलली हाये. अन् हा जो फेकाचा भाग हाये, त्याची कड पाह्य, गुनियात हाये. चांगली बाजू भंगारात गेली अन् वाईट बाजू तुले आली.”

“असं काहून झालं काका?” कन्येने विचारले. दुकानात तिची भाषाही बदलली होती.

“मशीन उलटं फिरलं म्हून.”

मिस्त्रींना त्या संगणकातले एक अक्षर वाचता येत नाही. पण हे यंत्र आल्यापासून त्यांच्या हाती कडा घासण्याचे काम आले, आणि हजारो कडा घासताना त्यांच्या ध्यानात आले होते की टॉर्च ज्या दिशेने चालतो, तिच्या उजव्या हाताची कड नेहमी सरळ येते आणि डाव्या हाताची कलते. कन्येने घरी येऊन शोध घेतला तेव्हा कारण कळले. टॉर्चमधली हवा सरळ उतरत नाही, भोवऱ्यासारखी गरगरत उतरते, आणि या गरगरण्यामुळे उजवी बाजू काटकोनात कापली जाते. म्हणून तुकड्याची बाहेरची कड कापताना तुकडा उजव्या हाताला ठेवून फिरायचे. आतले भोक कापताना मात्र उलटे फिरायचे, कारण तिथे हवा तो धातू भोकाच्या बाहेर असतो.

मी म्हटले, “ही तर प्रदक्षिणा झाली! देव उजव्या हाताला ठेवूनच आपण फिरतो.”

मुलांनी तो शब्द उचलला. त्या दिवसापासून त्यांच्या वहीत बाहेरच्या कडेला ‘प्रदक्षिणा’ आणि भोकाला ‘उलटी’ असे लिहिले जाऊ लागले. यंत्रविद्येत माझी भर पडली ती एवढीच.

भोकांबद्दल मिस्त्रींचा निकाल अधिक कडक होता. “पत्रा जेवढा जाड, तेवढंच भोक या आगीनं नीट पडत नाई जी. लय झालं तं जाडीच्या दुप्पट भोक मागा. त्याच्याखाली पंच मारा अन् ड्रिल करा.” बेअरिंगच्या जागेसाठी त्यांनी सांगितले की प्लाझ्माने दोन मिलिमीटर लहान भोक पाडा आणि शेवटची सफाई लेथवर करून घ्या. मुलगा संगणकावरून म्हणाला, “मग मशीनचा उपयोग काय?” मिस्त्री म्हणाले, “उपयोग हाये ना. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत करून देते. पण मशीन आंधळं हाये. त्याले जसं सांगतलं तसं चालते. पाहाचं काम आपलंच.”

स्वयंपाकघरातला सल्ला

बावीसपैकी दहा तुकडे घासून-पुसून कामी आले. बारा पुन्हा कापायला हवे होते: हाताच्या चार लांब पट्ट्या आणि आठ त्रिकोणी आधार. उरलेली प्लेट मात्र अर्ध्याहून कमी. स्पर्धेला तीन आठवडे राहिलेले. रात्री अकरा वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदी तुकडे मांडून चार मुले डोके धरून बसली. कसेही मांडले तरी दोन त्रिकोण प्लेटीबाहेर जात. असे तुकडे आपोआप मांडून देणारे संगणकाचे कार्यक्रम असतात, पण चांगले असतात ते विकतचे.

सौ. पाणी ठेवायला आली आणि क्षणभर उभी राहिली.

“सगळे त्रिकोण एकाच दिशेला तोंड करून का बसलेत?” ती म्हणाली. “एक सुलटा, एक उलटा ठेवा. आणि या लांब पट्टीला मधे एवढी मोठी खिडकी आहे, तिच्यातला तुकडा टाकून देणार का? करंज्यांच्या पुऱ्या कातल्या की मधल्या जागेत मी लहान पुरी काढतेच. कणीक निदान पुन्हा मळता येते. तुमचा पत्रा मळता येणार आहे का?”

पट्ट्यांमध्ये वजन कमी करण्यासाठी खिडक्या ठेवल्या होत्या. चार खिडक्यांत चार त्रिकोण गेले. उरलेले चार जोडीजोडीने उलटसुलट बसले. सगळे मावले, आणि हातभर जागा उरली.

यशाने सौ.ला हुरूप आला. तिने आणखी एक सूचना केली. शंकरपाळ्यांना आपण प्रत्येकाची कड वेगळी थोडीच काततो? एका रेघेत दोन्ही शंकरपाळी सुटतात. तसे दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवून ठेवले तर एक रेघ वाचेल. मुलांना कल्पना फार आवडली. मोठ्या कारखान्यांत असे खरोखरच करतात, असेही त्यांना आढळले. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती नामंजूर केली. “वहिनीले सांगा, शंकरपाळ्याले कातणं दोनीकडून सारखं कापते. आमच्या आगीले एकच उजवा हात हाये. एका रेघेवर दोघायची उजवी बाजू कशी येईन?” सौ.ने हे ऐकले आणि क्षणभर विचार करून म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.” दोन कारागीर, एकमेकांना कधी न भेटलेले, एकमेकांचे म्हणणे असे समजून घेत होते आणि मधे मी निरोप्या होतो.

दुसरे कापकाम बिनचूक झाले.

हात आणि डोके

त्या तीन आठवड्यांत मी दुकानात पुष्कळदा गेलो. आधी कन्येवर नजर ठेवायला जात असे, मग स्वतःसाठी जाऊ लागलो. ओळखीचे एक-दोघे खरोखरच भेटले. एकाने विचारले, “काय सर, फाटक करताय का?” मी म्हटले, “नाही, मुलगी रोबो करते आहे.” हे म्हणताना आवाज थोडा मोठा निघाला, हे मला जाणवले.

आमच्या पांढरपेशा घरांत हात आणि डोके यांची फाळणी फार जुनी आहे. लिहिणारे वेगळे, घडवणारे वेगळे. ही भिंत ओलांडणारी माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग ओळखू येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली. मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. या आरेखनाच्या मास्तरांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी आरंभी तो नांगर घेईनात. कागदावरची रेघ आणि मातीतला फाळ यांच्यामध्ये नेहमी कुणी तरी उभे राहून दोन्हीकडचे समजून घ्यावे लागते.

यंत्राला आकड्यांनी आज्ञा देण्याची कल्पनाही फार जुनी नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या प्रयत्नांतून एमआयटी या संस्थेत १९५२ साली भोके पाडलेल्या फितीवर चालणारे पहिले यंत्र दाखवले गेले. प्लाझ्माच्या टॉर्चचे पेटंट रॉबर्ट गेज यांना मिळाले १९५७ साली. पुढे या दोन वाटा एकत्र आल्या आणि बऱ्याच उशिरा का होईना, आमच्या बायपासवर पोचल्या.

पण या वाटेवर कुणाचे काय गेले, तेही सांगितले पाहिजे. यंत्र येण्यापूर्वी त्या दुकानात गॅसकटर चालवणारे चौघे होते. आता दोघे आहेत. एक वणीकडे कामाला गेला, दुसरा काय करतो ते मिस्त्रींनी सांगितले नाही. दोरीच्या टोकाला खडू बांधून काढलेल्या वर्तुळावर हात न थरथरता गॅसकटर फिरवणे, ही विद्या मिस्त्रींनी पंधरा वर्षे घोटली. ती आज कुणी मागत नाही. मी विचारले, “वाईट वाटते का?” ते कानस चालवीत म्हणाले, “वाटते ना सर. पण या पोट्ट्यायले मी कड पाहाले शिकवली. हे हातात होतं, ते त्यायच्या हाती गेलं.” माझ्याजवळ यावर बोलायला काही नव्हते.

स्पर्धा

अशा विद्यार्थी-स्पर्धांत आशियात नावाजलेली स्पर्धा म्हणजे रोबोकॉन. ती २००२ साली तोक्योला सुरू झाली आणि दर वर्षी वेगवेगळ्या देशांत भरते. दोनदा ती आपल्या पुण्यात भरली. २००८ साली यजमानांनी विषय ठेवला होता गोविंदाचा: रोबोंनी उंचावरच्या मडक्यांतले लोणी काढायचे. आपली दहीहंडी चीन-जपानच्या मुलांनी यंत्रांकडून फोडून घेतली! २०१४ साली पुण्यातच विषय होता आईबापांच्या मायेचा. एक पालक रोबो आणि एक मूल रोबो. पालकाने मुलाला बागेत न्यायचे, सी-सॉवर बसवायचे, झोका द्यायचा, शेवटी जाळीवर चढवायचे. नियम असा की पालक रोबो माणूस चालवणार, पण मूल रोबो मात्र आपला आपण चालणार. हा नियम ज्या कुणाला सुचला असेल, त्याच्या घरी मुलगी असावी असे मला वाटते.

आमच्या मुलांची स्पर्धा यापेक्षा लहान होती. पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसऱ्यात रोबो मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबला आणि हलेना. वेळ संपली. आम्ही दोघे प्रेक्षकांत होतो. सौ.ने माझा हात घट्ट धरला होता. खाली कन्या गुडघ्यांवर बसून रोबोच्या पोटात हात घालून काही तरी शोधत होती, आणि तिला तिथे जाऊन काही सांगता येत नव्हते. सांगायला मला येत तरी काय होते!

परत आल्यावर ती पिशवी घरात ठेवून तडक दुकानात गेली. मी मागोमाग होतोच. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले आणि विचारले, “तुटलं का?”

“नाही काका. हाताला काही झालं नाही. एक वायर निघाली.”

मिस्त्रींनी रोबोचा हात मागून घेतला, सांध्यावर अंगठा फिरवला, बेअरिंग फिरवून कानाशी धरले. “मंग आपलं काम बरोबर होतं,” ते म्हणाले. “वायरीचं पुढच्या साली पाहू.”

परवा दिवाळीच्या तयारीत ते आमच्या घरी प्रथमच आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही तरी होते. उघडून पाहतो तो दुसऱ्या कापकामानंतर उरलेला प्लेटीचा सांगाडा. कडा घासून गुळगुळीत केलेल्या आणि खाली उभे राहायला दोन पाय जोडलेले. “भंगारात द्याचा होता,” ते म्हणाले, “पण वहिनीनं मांडला होता तो.”

सौ.ने त्यांच्यापुढे शंकरपाळ्यांची बशी ठेवली. त्यांनी एक उचलले, तोंडात टाकण्याआधी सवयीने त्याची कड पाहिली आणि हसले. कन्येने तो सांगाडा ओट्यावर भिंतीपुढे उभा केला आणि मागे पणती ठेवली. भिंतीवर चार लांब पट्ट्या आणि चार त्रिकोण उजेडाचे उमटले, दोन सुलटे आणि दोन उलटे.